सॉल्टहाऊस लेनची साठ मतं

डिनी हर्नला वॉटरफर्डात आजही लोक महापौरसाहेब म्हणतात. निम्मे मानानं, निम्मे चिडवायला. खुर्चीत बसून, मानेवर कात्री चालू असताना म्हणतात, "महापौरसाहेब, कानामागं जरा बारीक करा." कारण हा महापौर बोलून चालून न्हावी. शहराची सोन्याची साखळी त्यानं वर्षभर गळ्यात मिरवली आणि वर्ष संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पांढरा डगला चढवून परत आपल्या दुकानात उभा राहिला. आमच्याकडे असंच असतं. महापौर म्हणजे काही लाटसाहेब नव्हे.

टेकडीवर, चर्चच्या अंगाला त्याचं दुकान. दोन खुर्च्या, एक आरसा आणि बाकावर कायम चार माणसं, त्यातल्या दोघांना केस कापायचेच नसायचे. कुणाच्या भिंतीला ओल, कुणाला कौन्सिलचं घर हवं, कुणाच्या दारासमोर रस्त्याला खड्डा. डिनी कात्री चालवता चालवता ऐकायचा आणि हाताला लागेल त्या कागदी पिशवीवर लिहून ठेवायचा. सकाळी पेपर आला की आधी मयतांची यादी, मग बाकीचं जग. नगरसेवक लग्नाला नाही आला तर आमच्याकडे चालतं. मयताला नाही आला, तर त्यानं पुढच्या निवडणुकीत दार वाजवायचं नाही. डिनीनं आयुष्यात हजारो मयतं केली असतील. प्रत्येक घरी गेला, प्रत्येक थंड हात हातात घेतला, आणि बाहेर पडताना 'तुमच्या गटाराचं बघतो' असं म्हणायलाही विसरला नाही.

तर असा हा माणूस. सगळं मिळालं त्याला: मतं मिळाली, मान मिळाला, साखळी मिळाली. एक गोष्ट तेवढी मिळाली नाही, आणि तिच्यासाठी तो सतरा वर्षं आतल्या आत झुरला. ती म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीचं मत.

आई गेली तेव्हा डिनी सहा वर्षांचा आणि जोसी वीस. बाप धक्क्यावर ओझी वाहून वाहून छातीच्या दुखण्यानं धरलेला, तो पुढं खाटेवरच. सॉल्टहाऊस लेन म्हणजे टेकडीच्या उतारावरची अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना घरं, प्रत्येकाचं दार थेट रस्त्यात. तिथल्या चौथ्या घरात जोसीनं बापाचं आणि भावाचं केलं. सकाळी बेकनच्या कारखान्यात जायची, दिवसभर मिठात हात, संध्याकाळी येऊन चूल. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालाला चिठ्ठ्या बांधायच्या आणि त्यांवर आकडे घालायचे, हे तिचं काम. डिनीच्या शाळेचा सदरा रोज इस्त्रीचा असायचा, आणि तिचे स्वतःचे हात असे भेगाळलेले, की लोकर विणायला घेतली तर धागा बोटांना अडकायचा. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही, हे डिनीनं कधी विचारलं नाही. आईनं लग्न का केलं हे कुणी विचारतं का? तसंच ते.

पुढं डिनीनं न्हाव्याचं काम धरलं, फिलशी लग्न केलं, टेकडीच्या माथ्यावर राहायला गेला, आणि चौऱ्याहत्तर साली पक्षानं त्याला कौन्सिलसाठी उभं केलं.

आता आमच्या मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो, आकडे घालायचे असतात. ज्याच्यावर जीव आहे त्याच्यापुढं एक, त्याच्या खालोखालच्यापुढं दोन, मग तीन. खरं मत म्हणजे तो एक नंबर. तुम्ही ज्याला एक दिला त्याला त्याचा उपयोग असेल तोवर दोनला कुणी विचारत नाही. आणि एकेका वॉर्डातून बरेच जण निवडून येतात. त्यामुळे एका पक्षाचे दोघं एकाच वॉर्डात उभे राहिले, की दुसऱ्या पक्षाशी भांडण नंतर, आधी आपसात. म्हणून पक्ष वॉर्डाची वाटणी करून देतो. या रस्त्यांनी एक नंबर ह्याला द्यायचा, त्या रस्त्यांनी त्याला.

ही वाटणी मॉसी कर्वनच्या हातात. मॉसीचं खिळेमोळ्यांचं दुकान, आणि दुकानामागच्या खोलीत वॉर्डाचा नकाशा भिंतीला ठोकलेला. नकाशावर टाचण्या, टाचण्यांना गुंडाळून निळी लोकर. लोकरीच्या वरचे रस्ते डिनीचे, खालचे गस फेलनचे. गस हा डिनीहून सोळा वर्षांनी मोठा, बेकनच्या कारखान्यात मुकादम, उंच, कमी बोलणारा, रविवारी बँडमध्ये कॉर्नेट वाजवणारा. सॉल्टहाऊस लेनमधली निम्मी माणसं त्याच्या हाताखाली. त्यामुळे मॉसीनं लोकर ओढली ती बरोब्बर लेनच्या वरून. डिनी जिथं जन्मला, जिथं त्यानं पहिल्यांदा कुणाचं नाक फोडलं, ती गल्ली गसची झाली.

"मॉसी, माझं घर आहे ते," डिनी म्हणाला.

"तुझं घर माथ्यावर आहे. ते तुझ्या बहिणीचं घर."

"तेच म्हणतोय मी."

"एका बहिणीसाठी साठ मतं फोडू होय? उद्या गसच्या मावशा निघतील. चल, पुढच्या रस्त्याचं बोल."

डिनी जोसीकडे गेला. ती ब्ला कापून लोणी लावत होती. वॉटरफर्डच्या माणसाला ब्ला म्हणजे काय हे सांगावं लागत नाही; पिठानं पांढरा झालेला मऊ पाव, पहिला घास घेतला की नाकाला पीठ लागलंच पाहिजे. डिनी सहज विचारल्यासारखं म्हणाला, "या गल्लीत मला एक तरी एक नंबर मिळेल ना गं?"

"मॉसीनं सांगितलंय, इथले सगळे गसला."

"सगळे म्हणजे, तू सुद्धा?"

"मी काय गल्लीबाहेरची आहे? तुला दोन देईन की. खा, थंड होईल चहा."

जोसी पक्षाची कट्टर. पक्षानं सांगितलं म्हणजे संपलं. डिनीनं हसण्यावारी नेलं, पण मनात म्हणाला, मतदानाच्या आडोशाच्या खोक्यात एकटी उभी राहील, हातात पेन्सिल असेल, माझं नाव समोर दिसेल. तेव्हा बघू.

मोजणीच्या दिवशी हॉलमध्ये कठडा घालतात. आत सरकारी माणसं पेट्या रिकाम्या करून एकेक मतपत्रिका उलगडतात आणि कठड्याला पोट लावून पक्षांची माणसं पेन्सिल घेऊन खुणा करत असतात. कुणाचं नाव कागदावर नसतं. पण जोसीचा एकचा आकडा डिनी दहा हजारांत ओळखेल. कारखान्यातल्या चिठ्ठ्यांवर लिहून लिहून तिचा आकडा ठरून गेलेला: वर झेंड्यासारखी तिरकी रेघ आणि खाली पाट ठेवावा तशी आडवी. सॉल्टहाऊस लेनची पेटी फुटली. डिनी कठड्यावर ओणवा झाला. चाळीसएक कागद गेले आणि मग तो आला. झेंडा, पाट, सगळं होतं. गस फेलनपुढं एक, डेनिस हर्नपुढं दोन.

त्या वर्षी डिनी अकरा मतांनी पडला आणि गस आला. पडण्याचं काही नाही हो, माणूस पडतो, उठतो. पण तो कागद काही त्याच्या डोळ्यांपुढून हलला नाही. गस येऊन त्याचा हात धरून म्हणाला, "पुढच्या खेपेला तूच." डिनीनं त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या खेपेला डिनी खरंच आला. पंच्याऐंशी सालीही आला, हजारावर एक नंबर घेऊन. दोन्ही वेळा तो मोजणीच्या हॉलमध्ये जिथं त्याची माणसं उड्या मारत होती तिथं नव्हता. सॉल्टहाऊस लेनच्या पेटीसमोर उभा होता. दोन्ही वेळा झेंडा आणि पाट गसच्या नावापुढं. बायकोला त्यानं एकदा सांगितलं, तर फिल भांडी घासता घासता म्हणाली, "हजार लोकांनी दिलं ना? मग? तू नगरसेवक आहेस का अंगावर पिणारं पोर?" तेव्हापासून त्यानं हा विषय कुणाकडे काढला नाही. जोसीकडे तर नाहीच. दर रविवारी तिच्याकडे जेवायचा, तिच्या छपराची कौलं बदलून द्यायचा, आणि तिच्या हातात खडू, पेन्सिल, काहीही दिसलं की त्याचं लक्ष तिकडं जायचं.

शहाऐंशी साली महापौरपद आमच्या पक्षाकडे आलं. महापौर लोक निवडत नाहीत, नगरसेवक आपसात निवडतात, आणि यंदा तुमचा, पुढच्या वर्षी आमचा हे आधीच ठरलेलं असतं. खरं म्हणजे पाळी गसची होती. पण गस म्हणाला, "मला भाषणं जमत नाहीत. डिनीचं नाव घाला." आणि सभेत उठून त्यानंच डिनीचं नाव सुचवलं. चार वाक्यं बोलला, तीही कागदावर बघून. वर गॅलरीत जोसी बसली होती, हिरवा कोट घालून. गस बोलायला उभा राहिला तशी तिनं हातरुमाल तोंडाला लावला तो खाली घेतलाच नाही. लाल झगा अंगावर चढत असताना डिनी मान वर करून तिच्याकडे बघत होता. म्हणजे रडते ना माझ्यासाठी, त्याला वाटलं, एवढं रडू येतं तर तेवढं मत का येत नाही?

ते वर्ष भारी गेलं. जेवणं, उद्घाटनं, परदेशी बोटींचे कप्तान. आपल्या जुन्या शाळेत साखळी घालून गेला आणि महापौरांच्या रिवाजाप्रमाणे पोरांना अर्धा दिवस सुट्टी दिली, तेव्हा पोरांनी जो गलका केला तो ऐकून त्याचे डोळे भरून आले. त्याच दुपारी तो साखळीसकट जोसीकडे गेला. जोसीनं साखळी दोन्ही हातांनी तोलून पाहिली.

"जड आहे रे. मान दुखत नाही?"

"घालून बघ ना."

"मी कशाला? मला नको असली जोखीम." आणि तिनं ती घडी घालून ठेवल्यासारखी टेबलावर ठेवली. डिनीला वाटलं, आत्ता विचारावं. साखळी राहू दे इथंच, म्हणावं, तू फक्त सांग का देत नाहीस. पण बाहेर गाडी थांबलेली होती, आणि पन्नाशीला टेकलेला माणूस असलं काय विचारणार?

मग आली एक्याण्णव सालची निवडणूक. कारखान्यांतून माणसं काढलेली, लोक चिडलेले, आणि आमच्या पक्षाच्या तोंडचं पाणी पळालेलं. मॉसीच्या मागच्या खोलीत तिघंच बसले: मॉसी, डिनी आणि गस.

"स्पष्ट सांगतो," मॉसी म्हणाला. "या वॉर्डात यंदा आपला एकच येईल. लोकर कुठं ओढायची ते तुम्हीच ठरवा, मी पापात पडत नाही."

डिनीनं सतरा वर्षांत जे मागितलं नव्हतं ते मागितलं. "सॉल्टहाऊस लेन मला द्या."

मॉसीनं चष्मा कपाळावर चढवला. "साठ मतं आहेत ती. गस, ऐकतोस ना? हा तुझं ताट ओढतोय."

गस खुर्चीत होता तसाच बसून राहिला. सदुसष्ट वर्षांचा झाला होता, हात मोठे, गुडघ्यांवर ठेवलेले. तो नकाशाकडे बघत होता. मग म्हणाला, "घे. तुझीच बहीण आहे." आणि टोपी उचलून, चहा तसाच ठेवून निघून गेला. मॉसीनं दोन टाचण्या उपटल्या आणि खाली टोचल्या. लोकर लेनच्या खाली उतरली.

डिनी टेकडी उतरला तो जवळजवळ पळतच. वाटेत बेकरीतून अर्धा डझन ब्ला घेतले. एखाद्या पोरीला मागणी घालायला निघाल्यासारखा तो दारात जाऊन उभा राहिला.

"जोसी, आजपासून तू माझी."

"म्हणजे काय?"

"रेघ सरकवली. गल्ली माझ्याकडे आली. आता एक नंबर मला. पक्षाचा हुकूम आहे बाई, नाही म्हणता यायचं नाही तुला."

जोसी बटाटे सोलत होती. सुरी थांबली. "कुणी मागितली?"

"मीच की."

"आणि गस काय म्हणाला?"

"काय म्हणणार? घे म्हणाला."

"लगेच म्हणाला?"

"लगेच नाही. पण म्हणाला."

तिनं सुरी खाली ठेवली, हात पुसले, मग तेच फडकं घेऊन टेबल पुसायला लागली. टेबल स्वच्छ होतं. पुसत पुसत म्हणाली, "परत वर ने."

"काय वर नेऊ?"

"रेघ. होती तिथं नेऊन ठेव."

मग मात्र डिनीचा तोल गेला. सतरा वर्षं दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं. "मला माहीत आहे तू कुणाला देतेस! तुझा एकचा आकडा मला कळत नाही असं वाटलं तुला? तीनदा पाहिलाय या डोळ्यांनी. ज्यांची मी नुसती दाढी करतो ती माणसं मला एक नंबर देतात. ज्यांच्या मयताला मी पाच मिनिटं उभा राहिलो त्यांची पोरं देतात. आणि तू? मी तुझं काय घोडं मारलंय, जोसी?"

जोसी खुर्चीवर बसली. बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं, ती गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत जोसी थांबली.

"सत्तेचाळीस साली गसनं मला विचारलं होतं," ती म्हणाली.

"काय विचारलं होतं?"

"काय विचारतात बाईला? वाजले किती, हे?"

"गसनं? तुला?"

"बाबा खाटेवर. तू सात वर्षांचा. त्याच्याकडे दोन खोल्या, त्यात त्याची आई, ती म्हणे, पोर आणि आजारी म्हातारा माझ्या घरात नको. मी गसला म्हटलं, थांब थोडा. तो थांबला. चार वर्षं थांबला बिचारा. रविवारी दुपारी यायचा, म्हणायचा, चल, धक्क्यावर फिरून येऊ. आणि रविवारी दुपारी तुझं पोट दुखायचं."

डिनीला ते आठवलं. गस तेव्हा घरी यायचा हे त्याला ठाऊक होतं, पण त्याच्या लेखी तो बाबांना बघायला येणारा कारखान्यातला एक माणूस. पण पोट आठवलं. जिन्याच्या खालच्या पायरीवर गुडघे छातीशी घेऊन पडायचं, कण्हायचं. जोसी कोट काढून ठेवायची, वीट तापवून फलाटीनच्या कापडात गुंडाळून आणायची. दारातला उंच माणूस टोपी हातात फिरवत थोडा वेळ उभा राहायचा आणि जायचा. आणि मग बरं वाटायचं. एका रविवारी सुद्धा ते पोट खरं दुखलेलं नव्हतं.

"मला वाटायचं, तू जाशील," तो म्हणाला.

"माहीत होतं मला. मी काय दुधखुळी होते?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मग त्यानं ब्रेडाशी लग्न केलं. चांगली बाई आहे ब्रेडा, माझं तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. पाच पोरं झाली, पाचांच्याही बाप्तिस्म्याला मी गेले. पण त्यानंतर त्याच्याशी बोलायचं कशावरून? कारखान्यात तो विचारणार, आज किती चिठ्ठ्या, मी सांगणार, अमुक. वीस वर्षं एवढंच बोललो आम्ही. आणि चौऱ्याहत्तर साली मॉसी या दारात येऊन म्हणतो, जोसी, एक नंबर गसला द्यायचा, पक्षाचा हुकूम. मला तर हसूच फुटलं. मॉसीला वाटलं, मला पटलं नाही. मेला अर्धा तास समजावत बसला."

ती थोडं हसली. मग हसू गेलं.

"त्या खोक्यात कुणी नसतं, डिनी. दोरीला बांधलेली पेन्सिल असते. त्याचं नाव छापलेलं असतं आणि त्याच्यापुढं मी एक लिहिते. पाच-सहा वर्षांतून एकदा. त्यात ब्रेडाचं काही जात नाही, देवाचं काही जात नाही. बाहेर आलं की परत सगळं होतं तसं."

"गसला ठाऊक आहे?"

"मत गुप्त असतं," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "असेल ठाऊक."

डिनी टेबलाशी उभाच होता, हातात ब्लाची पिशवी. जोसीनं ती त्याच्या हातातून घेतली आणि बाजूला ठेवली.

"तुला मी सगळं दिलं. आनंदानं दिलं, त्याचं मी काही मागत नाही. पण हे एवढं राहू दे मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी डिनी मॉसीच्या दुकानात गेला आणि म्हणाला, लोकर परत वर घे.

मॉसीनं आधी दुकानाचं दार लावलं आणि मग तोंड सोडलं. "वेड लागलं का तुला? सगळ्या वॉर्डात तुम्हा दोघांत फरक पडणार तो याच साठ मतांचा! काल गळ्यात पडून मागितलीस, आज नको? काय, बहिणीनं हाकललं?"

"गल्लीला गसची सवय आहे. उगाच लोक नाराज होतील."

"लोक नाराज झाले तर माझ्याकडे पाठव."

"मॉसी, तू घेतोस का मी टाचण्या काढू?"

मॉसीनं टाचण्या काढल्या. वर टोचताना दोनदा अंगठ्यात घुसवून घेतल्या आणि दोन्ही वेळा डिनीच्या खानदानाचा उद्धार केला. खरं कारण डिनीनं त्याला सांगितलं नाही, फिललाही सांगितलं नाही. ते त्याचं नव्हतं, सांगणार कसं?

मतदानाच्या दिवशी त्यानं नेहमीप्रमाणे म्हाताऱ्या माणसांना गाडीतून शाळेपर्यंत नेलं-आणलं. दुपारी जोसीला घ्यायला गेला. ती हिरवा कोट घालून, डोक्यावर नवीन हॅट ठेवून तयार होती. गाडीत दोघंही हवेबद्दल बोलले. शाळेच्या फाटकाशी गस उभा होता, येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवत. जोसीला बघून त्यानं टोपी काढली.

"जोसी."

"गस. बरा आहेस ना?"

"आहे की. यंदा मला काही कळतच नाही बुवा, गल्ली वर गेली म्हणतात, खाली आली म्हणतात."

"गल्ली होती तिथंच आहे," जोसी म्हणाली.

गसनं टोपी घातली, परत काढली. मग हात पुढं केला आणि तिनं तो घेतला. इतर मतदारांचा तो जेवढा वेळ धरायचा, त्याहून काही फार जास्त वेळ नव्हे. डिनी खाली वाकला आणि गाडीच्या टायरमध्ये हवा आहे का ते बघत राहिला. टायर उत्तम होता. जोसी शाळेत जाऊन परत येईपर्यंत त्यानं चारही टायर बघितले.

मोजणी दोन दिवस चालली. डिनी कठड्याकडे गेला नाही, चहाच्या टेबलापाशी बसून राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची एक जागा उरली आणि तिच्यासाठी दोघं: गस फेलन आणि डेनिस हर्न. डिनी अडतीस मतांनी पडला. मॉसी भर हॉलमध्ये ओरडला, "साठ मतं! या गाढवानं साठ मतं सोडली!" लोकांनी वळून पाहिलं. गस गर्दीतून वाट काढत आला. त्याचं तोंड जिंकलेल्या माणसाचं नव्हतं. त्यानं डिनीचा हात दोन्ही हातांत धरला.

"का केलंस रे असं?"

"तुमचीच होती ती गल्ली," डिनी म्हणाला. "माझ्यामुळं तुम्हाला फार थांबावं लागलं."

गसनं हात तसाच धरून ठेवला. त्याला आधीही कधी भाषणं जमलेली नव्हती.

डिनी पायीच टेकडी उतरला. ऊन होतं, गल्लीत लोक दारांत खुर्च्या टाकून बसले होते. जोसी आपल्या उंबऱ्यावर बसली होती. बातम्या ऐकवेनात म्हणून तिनं सकाळीच रेडिओ बंद केला होता. तो चार पावलांवर आला तशी ती उठायला गेली, पण उठली नाही.

"गस आला?"

"आला," डिनी म्हणाला.

तिनं डोळे मिटले. तिच्या छातीतून श्वास सुटला तो त्याला ऐकू आला. मग तिनं डोळे उघडले आणि तिचा चेहरा उतरला.

"अरे देवा. डिनी, मी आधी तुझं विचारायला हवं होतं."

"बरोबर विचारलंस तू."

"आणि तू?"

"पडलो."

"कितीनं?"

"अडतीस."

जोसीनं उभा जन्म आकड्यांत काढलेला. साठ आणि अडतीस यांचा हिशेब करायला तिला बोटं लागली नाहीत. ती उंबऱ्यावर बाजूला सरकली, आणि डिनी तिच्याशेजारी बसला. बातमी त्याच्या मागोमाग गल्लीत आली होती. येणारा-जाणारा थांबत होता, टोपीला हात लावत होता, "वाईट झालं, महापौरसाहेब," म्हणत होता. ज्यांनी त्याला उघडा-नागडा गल्लीत धावताना पाहिलं होतं तीच ही माणसं. आणि त्यांना काही माहीतच नसावं अशा थाटात जोसी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून प्रत्येकाला सांगत होती, "हा माझा भाऊ."